डागावर बसलेलं फुलपाखरू

लुबर्टच्या हातून काही सांडलं की आमच्या हार्लेम गावात एक किडा जन्माला यायचा.

लुबर्ट हा आमच्या गल्लीतला चित्रकार. चित्रकार म्हटल्यावर मखमली टोपी आणि तिरकी नजर डोळ्यांपुढे आणू नका. तसले चित्रकार मोठ्या चौकात राहतात आणि श्रीमंतांच्या पांढऱ्या कॉलरी रंगवून पोट भरतात. लुबर्ट फुलं रंगवायचा. त्यातही ट्युलिप, आणि तीही कंद विकणाऱ्या बागवानांसाठी. ट्युलिपचा कंद उन्हाळ्यात मातीतून काढला की त्याच्यात आणि कांद्यात फरक एवढाच उरतो, की कांदा स्वस्त असतो आणि खाता येतो. हातावर असा कांदा ठेवून "पांढऱ्यावर जांभळ्या ज्वाळा आहेत बरं का याच्या फुलाला" असं सांगितलं, तर माझ्या वडिलांच्या काळी लोक माना डोलवायचे आणि घर विकून कंद घ्यायचे. त्या पिढीचं तोंड पोळलं, म्हणून आताची पिढी चित्र मागते. मग वसंतात फूल उमललं की बागवान लुबर्टला वाफ्याच्या कडेला तिपाईवर नेऊन बसवायचे. त्यानं रंगवलेल्या पानांचं पुस्तक मी बांधायचो, आणि ते उघडून बागवान वर्षभर गिऱ्हाइकांना सरदार आणि सेनापती दाखवायचे. आमच्याकडे फुलांना नावं तशीच ठेवतात. आरमारात नसतील इतके सेनापती वाफ्यांत उभे असतात, आणि त्यांच्यावर गोगलगायी चढतात.

लुबर्टला देवानं हात फार लांब दिले होते. ते कुठवर पोहोचतात याचा अंदाज त्याला पन्नाशी जवळ आली तरी आला नव्हता. बाही कायम कशात तरी बुडालेली. आमच्याकडचे सगळेच चित्रकार शिंपल्यांत रंग कालवतात, पण लुबर्ट शिंपल्यांतली कालवं रात्री खायचा आणि सकाळी त्याच शिंपल्यांत रंग घोटायचा. त्यामुळे जेवण कुठं संपतं आणि धंदा कुठं सुरू होतो हे त्याचं त्यालाच कळत नसे. एकदा माझ्या बायकोसमोर त्यानं केशराच्या पिवळ्या रंगात पाव बुडवून खाल्ला आणि म्हणाला, "मख्तेल्ड वहिनी, आज मोहरी जरा सौम्य झालीय."

अशा माणसाच्या हातून कागदावर डाग पडणार नाहीत तर काय पडेल? पण लुबर्टची खरी कला त्या डागापासूनच सुरू व्हायची. लहान गोल थेंब पडला, की त्याला तो लाल पाठ द्यायचा, वर काळे ठिपके द्यायचा, आणि पानावर एक गुबगुबीत किडा चालू लागायचा. ओघळ आला की सुरवंट. ब्रश झटकला आणि शिंतोडे उडाले की मुंग्यांची रांग, पुढच्या मुंगीच्या तोंडात दाणासुद्धा. बीअरचा पेला ठेवून उठला आणि कागदावर बुडाचं वर्तुळ उमटलं, तर त्यात तो असा सुरेख पीळ काढायचा की बघणारा म्हणे, अहाहा, काय गोगलगाय आहे!

हे मला ठाऊक होतं, कारण पुस्तक बांधणाऱ्याला चित्राची पाठ दिसते. पुढून भुंगा, मागून तेलकट डाग. लुबर्ट मला दर वेळी म्हणायचा, "गिल्लिस, पाठ कुणाला दाखवू नकोस रे." मी म्हणायचो, "माझा धंदाच पाठी चिकटवण्याचा आहे. काळजी सोड."

पण काळजी करण्यासारखं एक होतं. आमच्या गावात कुठलीही गोष्ट नुसती असूच शकत नाही. तिला अर्थ असावाच लागतो. आमच्या जेवणाच्या ताटल्यांवरसुद्धा बोधवचनं लिहिलेली असतात. सूप संपलं की तळाशी 'मरण समीप आहे' असं वाचायला मिळतं, आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा धीर होत नाही. मग चित्रातला किडा अर्थावाचून कसा सुटेल? माशी म्हणजे पाप आणि नाश. मुंगी म्हणजे उद्योग. चतुर म्हणजे सैतानाची सुई, खोटारड्यांची तोंडं शिवणारी. गोगलगाय म्हणजे घर न सोडणारी सद्गृहिणी. मग ती घरासकट हिंडते आणि जाईल तिथं शेपू खाते, हे कुणी विचारायचं नाही. लुबर्टच्या पानांवर किड्यांची ही अशी गर्दी, तेव्हा गावानं ठरवून टाकलं की हा माणूस मोठा विचारवंत आहे आणि जे बोलायचं ते किड्यांतून बोलतो.

हा शोध लावण्यात सर्वांत पुढं होते आमचे पाद्रीबाबा, सिब्रांडुस. माणूस सोन्यासारखा, पण गवताच्या काडीकडेही सरळ बघणार नाहीत. काडी वाकली असेल तर नम्रता, ताठ असेल तर निष्ठा. त्यांनी एक पुस्तक करायला घेतलं होतं. डाव्या पानावर लुबर्टचं फूल आणि किडा, उजव्या पानावर त्यांची बोधपर कविता. त्यासाठी ते रोज लुबर्टकडे येऊन बसायचे. एकदा त्या पेल्याच्या बुडातून निघालेल्या गोगलगायीपुढं ते कितीतरी वेळ उभे राहिले.

"लुबर्ट," ते म्हणाले, "ही फुलाकडे पाठ करून का बसली आहे?"

लुबर्टला खोटं बोलता येत नसे. तो म्हणाला, "जागा तिथंच होती."

पाद्रीबाबांनी डोळे मिटले. "जागा तिथंच होती!" ते पुटपुटले, आणि त्या रविवारी चर्चमध्ये प्रत्येक जिवाला नेमून दिलेल्या जागेवर एवढं लांबलचक प्रवचन झालं, की मागच्या बाकावरचे लोक आपल्या नेमून दिलेल्या जागीच झोपून गेले.

हे सगळं असंच चाललं असतं. पण लुबर्ट प्रेमात पडला.

पुलाजवळ बियाण्यांचं दुकान आहे, ते अलीदचं. अलीद विधवा. अंगानं भरलेली, चालताना फळ्या वाजवणारी, आणि पुलाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं हसणारी. तिचा नवरा वुल्फर्ट वारला त्याला काही वर्षं झाली होती. वुल्फर्ट म्हणजे आमच्या गल्लीचा आदर्श. तपकिरी कोट, सगळी बटणं लावलेली, टोपी कधी तिरकी नाही, शब्द कधी जास्तीचा नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांना वुल्फर्टचा दाखला द्यायच्या. मीही तो पुष्कळ ऐकला आहे.

लुबर्ट अलीदच्या दुकानात बी घ्यायला जायचा. त्याला जमीन वीतभरही नव्हती. तरी तो मुळ्याचं बी घ्यायचा, कोबीचं घ्यायचा, पालकाचं घ्यायचा. आणलेलं बी वाया कसं घालवायचं, म्हणून घरातल्या प्रत्येक भांड्यात काही ना काही उगवलं होतं. जुन्या बुटात पालक होता. शेवटी माझी बायको एक दिवस कंबरेवर हात ठेवून त्याच्या दारात उभी राहिली.

"भावजी, आणखी मुळे पेराल तर घरात बैल सोडावा लागेल. विचारून टाका तिला."

"काय विचारू वहिनी? तोंड उघडलं की 'मुळ्याचं बी द्या' एवढंच बाहेर पडतं."

"मग तोंडानं विचारूच नका. देवानं एवढे लांब हात कशाला दिलेत?"

आमच्याकडे कार्नेशनच्या फुलाचा एकच अर्थ आहे. पुरुषाच्या हातात कार्नेशन दिसलं की लहान मूलही सांगेल, याचं लग्न ठरतंय. लुबर्टनं ठरवलं, अलीदला एक कार्नेशन रंगवून पाठवायचं. नुसतं एक फूल. किडा नाही, मुंगी नाही, काही नाही. साध्या कागदावर नको म्हणून मी त्याला वासराच्या कातड्याचं चांगलं गुळगुळीत चर्मपत्र दिलं. त्यानं हात धुतले. दोन्ही बाह्या दोरीनं बांधल्या. शिंपले घासून घेतले. पेला खिडकीबाहेर ठेवला. आणि जे फूल काढलं ते असं काही उतरलं, की मख्तेल्ड, जिला माझ्या बांधणीत आजवर काही विशेष दिसलेलं नाही, ती म्हणाली, "भावजी, याचा वास येतोय हो!"

आनंदाच्या भरात तिनं घरी जाऊन धिरडी घातली आणि वर काकवी ओतून त्याला ताटलीभर नेऊन दिली. तिथं घात झाला. दोरी सोडलेली होती, भूक लागलेली होती, आणि कार्नेशनकडे बघत बघत खायचा मोह आवरला नाही. काकवी पडली ती बरोबर वरच्या पाकळीशेजारी, मोकळ्या जागेत, आणि पुसायला गेला तशी दोन्हीकडे पसरली.

लुबर्ट घाबरला नाही. डागाला घाबरणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. त्यानं मान तिरकी करून नेहमीचा हिशेब केला. माशीला मोठा आहे. सुरवंटाला रुंद आहे. भुंगा बसेल, पण दोन बाजूंना दोन पाळ्या आहेत त्यांचं काय? पंख! झालं. त्यानं त्यावर एक तपकिरी फुलपाखरू बसवलं. मिशा काढल्या, पंखांवर डोळे काढले, कडेला सोनेरी धूळ भुरभुरवली. दाखवायला आमच्याकडे घेऊन आला तर आमचं मांजर त्याच्यावर झडप घालायला निघालं, तेव्हा मी म्हणालो, "लुबर्ट, फुलापेक्षा हेच भारी झालंय!"

मी, ज्याला सगळं ठाऊक, तोही असं म्हणालो. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात दुसरा विचार आला नाही. कार्नेशन लुबर्टनं मुद्दाम काढलं होतं, म्हणून त्याचा अर्थ त्याला पाठ होता. फुलपाखरू म्हणजे त्याच्या लेखी काकवीचा डाग होता, आणि डागाला कुठं अर्थ असतो?

मख्तेल्ड चित्र घेऊन नाचत गेली. परत आली ती पाय ओढत.

"काय म्हणाली?" लुबर्टनं विचारलं. तो आमच्याकडेच येऊन बसला होता, आणि माझ्या सरसाच्या भांड्यात त्याचा कोपर होता.

"आधी फार छान झालं," मख्तेल्ड म्हणाली. "कार्नेशन बघितलं आणि गाल असे लाल झाले की काय सांगू. म्हणाली, 'बसा हो मख्तेल्ड, पाव-लोणी खाऊन जा.' मग म्हणाली, 'थांबा, चष्मा लावून बघते.' चष्मा लावला. आणि पांढरी पडली. म्हणाली, 'हा वुल्फर्ट!' आणि रडायलाच लागली. दाराची खालची अर्धी फळी लावलेली होतीच, वरची अर्धीही लावून घेतली माझ्या तोंडावर. पाव-लोणी आतच राहिलं."

"वुल्फर्ट कुठून आला?" लुबर्ट म्हणाला.

मख्तेल्डनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो भावजी! फुलपाखरू!"

तेव्हा आम्हा दोघांचे डोळे उघडले. सुरवंट म्हणजे मातीवर सरपटणारा माणूस. कोश म्हणजे कबर. आणि फुलपाखरू म्हणजे त्यातून उठलेला आत्मा. हे आमच्याकडे दात यायच्या आधी शिकवतात. विधवेला लग्नाची मागणी घातली, आणि मागणीच्या फुलावर तिच्या नवऱ्याचा आत्मा आणून बसवला! तोही तपकिरी कोटात!

बातमी पुलावरून बाजारात जायला वेळ लागला नाही. निम्म्या गल्लीचं म्हणणं, "अरे, बाईची थट्टा करतोस की काय?" उरलेल्या निम्म्या गल्लीचं म्हणणं, "केवढं मोठं मन! मेलेल्याची परवानगी घेऊन लग्न करतोय." मासेवालीचं म्हणणं असं, की फुलपाखराचं तोंड फुलाकडे असेल तर वुल्फर्टची संमती आहे आणि दाराकडे असेल तर नाही. ते बघायला ती दोनदा अलीदच्या दाराशी जाऊन आली, पण वरची फळी बंदच होती.

पाद्रीबाबा तर गहिवरून आले. लुबर्टचा हात हातात घेऊन म्हणाले, "आमच्या पुस्तकाचं शेवटचं पान मला मिळालं. दुसरा कुणी असता तर मृताला विसरायला सांगितलं असतं. तुम्ही त्याला सन्मानानं बसायला जागा दिलीत."

"मी?" लुबर्ट म्हणाला.

ते गेल्यावर तो माझ्याकडे आला. "गिल्लिस, मी तिला सांगून टाकतो की तो डाग होता."

"सांग की."

"पण मग पाद्रीबाबांना कळेल."

"कळेल."

"एक डाग निघाला की ते बाकीचे उकरतील. त्यांचं पुस्तक गेलं. बागवान म्हणतील, आमच्या सेनापतींवर हा बीअर सांडत होता. माझं काम गेलं."

"तेही खरं."

"आणि नाही सांगितलं तर ती गेली."

मी सरस ढवळत बसलो. लुबर्ट घरी गेला. तिपाईवर बसायचा, रंग कालवायचा, चित्र काढायचा. त्या दिवसांत त्याच्या हातून एक थेंब सांडला नाही. पान कोरं करकरीत. किडा नाही की मुंगी नाही. तेव्हा मात्र मला त्याची खरोखर काळजी वाटायला लागली.

मग एका सोमवारी सकाळी अलीद आली. पाद्रीबाबा लुबर्टकडे होतेच, हातात एक नाकतोड्याचं चित्र घेऊन. मी बांधलेली पानं पोचवायला गेलो होतो. मख्तेल्ड मला बोलवायला म्हणून आली होती, आणि बोलवायचं विसरली होती. दार उघडलं आणि अलीद लाकडी बूट न काढता थेट आत आली. आमच्याकडे बूट दारात न काढता बाई घरात शिरली, तर समजावं की घराला आग तरी लागलीय किंवा लावायची तरी आहे.

तिनं चर्मपत्राची गुंडाळी लुबर्टच्या छातीवर टेकवली. "खरं सांगा. वुल्फर्टला का बसवलंत इथं?"

"किती सुंदर प्रश्न आहे हा," पाद्रीबाबा म्हणाले. "बाई, त्याचं उत्तर मी—"

"पाद्रीबाबा, तुम्ही रविवारी बोला. आज सोमवार आहे. मी यांना विचारतेय."

लुबर्टनं पाद्रीबाबांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. बुटातल्या पालकाकडे बघितलं. त्याचे लांब हात गुडघ्यांशी लोंबत होते. "तो वुल्फर्ट नाही," तो म्हणाला.

"मग कोण आहे?"

"काकवी."

"काकवी..." पाद्रीबाबा भुवया आकसून म्हणाले, "म्हणजे लौकिक सुखाची मोहक—"

"नाही हो. धिरड्यावरची," लुबर्ट म्हणाला. "वहिनींनी दिली होती. सांडली. मग वर पंख काढले."

अलीदचे डोळे बारीक झाले. "मी बी विकते म्हणून मला काहीही पेराल का? एवढं सुरेख पाखरू, मिशांसकट, आणि म्हणे सांडलं!"

"माझं सगळंच तसं असतं," लुबर्ट म्हणाला. त्यानं वाद घातला नाही. खरवडायची पातळ सुरी घेतली, चर्मपत्र फळीवर पसरलं आणि फुलपाखराच्या उजव्या पंखाला सुरी लावली. कातड्यावरचा रंग हलक्या हातानं खरवडला की निघतो.

"अहो, अहो!" पाद्रीबाबा उठून उभे राहिले. "आत्मा आहे तो!"

पंखावरचा डोळा गेला. सोनेरी धूळ गेली. आणि खालून, कातड्यात मुरलेला, कडेला अजून चिकट असलेला, एक ओबडधोबड तपकिरी डाग वर आला. अलीद वाकली. तिनं वास घेतला. मग बोट ओलं करून डागावर फिरवलं आणि ते बोट तोंडात घातलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"काकवी," ती म्हणाली.

आणि लुबर्टच्या तिपाईवर बसून हसायला लागली. ते तिचं पुलापलीकडे जाणारं हसणं. शिंपले थरथरले. मख्तेल्ड म्हणाली, "अगं, पण तू तर वुल्फर्टच्या आठवणीनं रडलीस ना?"

"आठवणीनं? संतापानं रडले!" अलीदनं डोळे पुसले. "तुम्हा गल्लीतल्यांना काय माहीत? मी कधी बोलले नाही. संसारभर त्या माणसानं मला बीची पुडी कशी घडी करायची ते शिकवलं. वरची कड आत, आतली कड खाली, आणि अंगठा फिरवायचा तो डावीकडून. रोज! शेवटच्या दिवशी उठून बसला. मला वाटलं आता निरोप घेईल, काही गोड बोलेल. म्हणाला, 'अलीद, मुळा गाजराच्या खणात गेलाय.' आणि गेला."

"अरे देवा," मख्तेल्ड म्हणाली.

"मुळा खरंच गाजराच्या खणात गेला होता, हेच तर वाईट!" अलीद म्हणाली. "आता कुठं मी हव्या तशा पुड्या बांधत होते. त्यात हे कार्नेशन आलं. मला वाटलं, चला, या माणसाच्या घरात कसलीच घडी नाही, बुटात पालक आहे, इथं बरं चालेल आपलं. मग चष्मा लावते तर काय! हा! पुन्हा! कोट घालून येऊन बसलेला! म्हटलं, दुसऱ्या लग्नातही हा पुड्या तपासायला येणार. म्हणून रडले."

लुबर्टचा चेहरा असा काही उजळला की त्याला बसायला जागा लागली, आणि तो शिंपल्यांवर बसला.

मी आणि मख्तेल्ड हसत होतो, पण पाद्रीबाबा हसत नव्हते. ते पांढरे पडून भिंतीला टेकले होते. हातातलं पान त्यांनी छातीशी धरलं होतं. त्यावर एक मोठा हिरवा नाकतोडा गुलाबाखाली बसला होता, आणि त्या नाकतोड्यावर त्यांनी नुकतंच आयुष्यातलं सर्वांत लांब काव्य पूर्ण केलं होतं. ते पान पुढं करून त्यांनी विचारलं, "लुबर्ट... मग हा?"

त्या नाकतोड्याची पाठ मी बघितलेली होती. वाटाण्याचं सूप. मी छताकडे बघायला लागलो.

लुबर्टनं एकदा खरं बोलून बघितलं होतं आणि ते त्याला मानवलं होतं. शिंपल्यांवरून उठत, मोठ्या प्रामाणिकपणानं त्यानं तोंड उघडलं. "पाद्रीबाबा, तो पण—"

ठप्प! असा आवाज झाला. अलीदचा लाकडी बूट लुबर्टच्या पायावर पडला होता, आणि लुबर्ट नुसत्या मोज्यांवर होता.

"तो नाकतोडाच आहे, पाद्रीबाबा," अलीद म्हणाली. तिनं बूट उचलला नव्हता. "मागच्या तंगड्या बघा ना, कशा बारकाईनं काढल्यात."

लुबर्टच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "नाकतोडाच," तो म्हणाला.

"नक्की?"

बूट जरा दाबला गेला. "अगदी नक्की."

पाद्रीबाबांच्या गालांवर हळूहळू रंग परतला. "मला वाटलंच," ते म्हणाले. "असा नाकतोडा अपघातानं होत नाही." त्यांनी पान अलगद कातडी पिशवीत घातलं. दारापाशी जाऊन ते थबकले आणि वळून लुबर्टला म्हणाले, "काकवीचं मात्र पुस्तकात घालणार नाही. वाचकांची मनं कोवळी असतात." आणि गेले.

दार लागलं. मख्तेल्डनं मला कोपरानं ढोसलं, पण सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे चारचौघांत बाई कुणाच्या पायावर पाय देत नाही. तो मान फक्त नवऱ्याचा असतो. नवरा काही वेडंवाकडं बोलायला लागला, घरातलं बाहेर सांगायला लागला, स्वतःच्या पोटावर पाय आणायला लागला, की टेबलाखाली हळूच द्यायचा. मला तो रोज मिळतो. लुबर्टला मात्र ही रीत ठाऊक नव्हती, बिचाऱ्याला कुणी पाय दिलाच नव्हता. तो एका पायावर उभा राहून दुसरा हातात धरून बसायला जागा शोधत होता, आणि अजूनही अलीदकडे भीत भीत बघत होता.

"म्हणजे," तो म्हणाला, "कार्नेशनचं काय ठरलं?"

"वहिनी, अहो, यांना कुणीतरी सांगा!" अलीद मख्तेल्डला म्हणाली. मग स्वतःच त्याच्या दंडाला धरून तिनं त्याला तिपाईवर बसवलं, मोजा काढला आणि सुजलेलं बोट बघितलं. "आधी हा पाय बरा होऊ द्या. मग चर्चमध्ये लग्नासाठी नावं द्यायला जाऊ. लंगडत आलात तर लोक त्याचाही अर्थ लावतील."